नव्या मोटारसायकलीचे काटे आणि दिवे

नवी मोटारसायकल दारात येऊन उभी राहिली, की पहिले आठ-दहा दिवस सारे घर तिच्याभोवती असते. शेजारची मुले आरशात तोंडे पाहून जातात, वडील माणसे टाकीवरून हात फिरवतात, आणि मालकाची नजर मात्र हँडलच्या मध्यावर असलेल्या तबकडीवर खिळलेली असते. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. जे कळावयाचे ते त्या काट्यांतून आणि दिव्यांतूनच. म्हणून काटा जरासा थरथरला, किंवा काचेला आतून वाफ धरली, की त्याच्या जिवाची घालमेल सुरू होते. दुसऱ्या जातीचा मालक याच्या अगदी उलट. पिवळा दिवा विझत नाही हे त्याला पहिल्या दिवशी दिसते, दुसऱ्या दिवशीही दिसते, आणि पंधराव्या दिवसापासून दिसेनासे होते. दिवा तेथेच असतो. डोळा सरावलेला असतो.

या दोघांपैकी दुसरा अधिक धोक्यात आहे हे उघड आहे. परंतु पहिल्याचेही नुकसान थोडे नाही. धीर न धरवून तो कंपनीने बंद केलेले मीटर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून उघडून घेतो, आणि एका थरथरत्या काट्यापायी साऱ्या मीटरची हमी घालवून बसतो. तबकडी ही स्वतः घटना नव्हे, ती साक्षीदार आहे. साक्षीत गफलत दिसली, तर साक्षीदार चुकतो आहे, की त्याच्यापर्यंत बातमीच पोहोचली नाही, की खरोखरच काही घडले आहे, या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. त्यासाठी बातमी कोणत्या वाटेने येते ते ठाऊक असले पाहिजे.

वेग दाखवणारा काटाच घ्या. स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्झे या अभियंत्याने १९०२ मध्ये ज्या गतिमापकाचे पेटंट घेतले, त्याच तत्त्वावर पुढे जगभरच्या मोटारी आणि मोटारसायकली चालल्या. त्यामागचा चमत्कार त्याहूनही जुना आहे. तांब्याची चकती चुंबकसूचीखाली फिरवली, तर स्पर्श न होताही सूची चकतीमागे ओढली जाते, हे फ्रान्सच्या आरागोने १८२४ मध्ये पाहिले होते. त्याचे कारण १८३१ नंतर फॅरडेच्या प्रयोगांनी उलगडले. मोटारसायकलीत बहुधा पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक लहानसे दंतचक्र असते. ते एका लवचीक केबलला पीळ देते, ती केबल वर मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरवते, आणि त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते. चुंबक आणि वाटी यांचा एकमेकांना स्पर्श नसतो. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात, ती चुंबकामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जेथे स्थिरावते, तेथे तिच्यावरचा काटा वेग दाखवतो. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र त्याच केबलवरून, पण थेट दंतचक्रांनी फिरतात. चुंबकाशी त्यांचा संबंध नाही.

एवढी माहिती असली की निम्मे निदान घरबसल्या होते. काटाही मेला आणि आकडेही थांबले, तर दोष खालच्या वाटेत आहे: केबल तुटली, निसटली, किंवा हबमधले चक्र फिरत नाही. पंक्चर काढताना पुढचे चाक उतरवले असेल, तर पहिला संशय तेथेच घ्यावा. त्या चक्राची जीभ हबच्या खाचेत न बसवताच आस घट्ट आवळण्याची चूक वारंवार होते. उलट आकडे पुढे सरकत आहेत आणि काटा मात्र निपचित पडला आहे, तर केबल निर्दोष असून बिघाड मीटरच्या डोक्यात आहे, हे निश्चित समजावे. काटा हलक्या वेगाला डुलतो, टिकटिक करतो, अशी तक्रार असेल, तर बहुधा केबलला कोठेतरी आवळ वळण मिळालेले असते, किंवा तिच्यात वंगण नसते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कोठे ताणली वा दबली जाते का ते पाहावे. वंगण घालावयाचे ते बेताने, आणि वरच्या टोकाकडील वीतभर भाग कोरडा ठेवून. कारण फिरती केबल ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरून चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये गेले, की ती दोघे चिकटल्यासारखी होतात, आणि गाडी चाळिसाने चालली असता काटा शंभरी गाठू पाहतो.

नव्या गाड्यांतून ही केबल झपाट्याने जात आहे. चाकाजवळचा विजेचा संवेदक फेरे मोजतो आणि बारीक तारेतून ठोके वर पाठवतो. तर्क मात्र बदलत नाही. तार ओढली गेली, संवेदकावर चिखल किंवा लोखंडाचा कीस बसला, चाक उतरवताना खाचांची कडी वाकली, तर बातमी खंडित होते. अशा वेळी वेग शून्य दाखवतानाच एबीएसचा दिवाही लागला, तर दोष बहुधा चाकापाशी आहे, तबकडीत नाही.

काटा चालतो, पण खरे बोलतो का, हा प्रश्न निराळा. यासाठी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पुरेसे आहेत. मोकळ्या, सरळ रस्त्यावर काटा साठावर स्थिर धरावा, आणि मागे बसलेल्याने दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजावा. चालवणाऱ्याने घड्याळाकडे पाहू नये. वेग खरोखर साठ असेल तर साठ सेकंद लागतील. सहासष्ट लागले, तर खरा वेग साडेचोपन्नाच्या आसपास आहे. अशी गाडी सदोष म्हणून परत नेणाऱ्याला तेथे बहुधा नकारच मिळेल, आणि तो योग्यही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालील वाहननियमांपैकी एकोणचाळिसाव्या नियमानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, आणि अधिक दाखवला तरी तो चाचणीच्या वेळी खऱ्या वेगाचा दशांश अधिक चार किलोमीटर याहून जास्त नसावा. चूक करावयाचीच तर ती सावधगिरीच्या बाजूने, असा हा हिशेब आहे. तो समजून घेतला, की मीटर आणि भ्रमणध्वनी यांच्या आकड्यांतली तफावत कोणाची झोप उडवणार नाही. काटा खऱ्याहून कमी दाखवत असेल, तर मात्र तक्रार जरूर करावी.

पेट्रोलच्या काट्यावर जितका राग निघतो तितका दुसऱ्या कशावर निघत नसेल. टाकीत एका दांड्यावर तरंगता गोळा असतो. तो वरखाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि काटा हलतो. मोटारसायकलीची टाकी खोगिरासारखी मधल्या नळीवर बसवलेली, वर ऐसपैस आणि खाली आक्रसलेली. म्हणून वरचा अर्धा भाग जितके किलोमीटर नेतो तितके खालचा अर्धा नेत नाही. बाजूच्या स्टँडवर कललेली गाडी एक सांगते, सरळ उभी केली की दुसरे सांगते, घाट चढताना तिसरे. हे दोष नव्हेत. टाकी पूर्ण भरावी, ट्रिपचे आकडे शून्यावर आणावे, पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर लागले ते लिहून ठेवावे. असे तीन-चार वेळा केले, की काट्यापेक्षा वहीच अधिक विश्वासू ठरते. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालवणारे पायलट दिवसभर तोच रस्ता तुडवतात; त्यांच्यासारख्यांना तर ही वही चरितार्थाचे साधन ठरावी. जुन्या गाड्यांत रिझर्व्हची चावी फिरवून वेळ मारून नेता येत असे. इंधन फवारणाऱ्या नव्या गाड्यांत ती सोय नाही, आणि टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहत असल्यामुळे टाकी कोरडी होईपर्यंत चालवणे पंपाच्या मुळावर येते.

साक्षीदार खरे सांगत असूनही त्याच्यावर अविश्वास दाखवला जातो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बुलेटवरील अँपियरचा काटा. १९५५ मध्ये मद्रासला या गाड्या तयार होऊ लागल्या, आणि पुढे कित्येक दशके त्यांच्या हेडलाईटच्या टोपीवर एक चिमुकली तबकडी असे. मध्ये शून्य, एका बाजूस अधिक, दुसऱ्या बाजूस उणे. नवा मालक इंजिन मंद चालू ठेवून ब्रेक दाबी, की काटा उणेकडे जाई. वळणाचा दिवा लावला की त्या लुकलुकण्याबरोबर काटाही नाचू लागे. मालक घाबरून मिस्त्रीकडे धाव घेई. वास्तविक तो काटा आपले काम चोख करीत असे. मंद गतीला जनित्र कमी वीज देते, तूट बॅटरी भरून काढते, म्हणून उणे. वेग वाढला की बॅटरीचे देणे फिटू लागते, म्हणून अधिक. आणि बॅटरी भरली की काटा शून्याजवळ विसावतो. चिंता करावयाची ती लांबच्या प्रवासात, चांगल्या वेगातही काटा सतत उणेकडेच राहिला तर. नव्या डिजिटल तबकड्यांवर हा काटा क्वचितच दिसतो. त्याचे काम आता निराळ्या रीतीने कळते: इंजिन सुरू करताना पडदा क्षणभर विझतो, घड्याळ पुन्हा बारावर येते. अशा वेळी आधी बॅटरीच्या टोकांचे स्क्रू पाहावेत. नव्या गाडीत ते सैल राहून गेलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही.

पावसाळ्यात कोकण, गोवा आणि बेळगावचा पश्चिम भाग येथे आणखी एक तक्रार ठरलेली. चोर्ल्याच्या घाटात तापलेल्या मीटरवर गार पावसाची सर आली, की काचेला आतून धुके धरते. मीटर पूर्ण हवाबंद नसते. उष्णतेने आतली हवा फुगते व आकसते म्हणून त्याला श्वासाचे सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते, आणि त्यातूनच दमट हवा आत जाते. हे धुके ऊन पडल्यावर किंवा गाडी चालून मीटर तापल्यावर विरून जात असेल, तर त्याला हात लावू नये. काचेखाली थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साचत असेल, तर मात्र रबरी पट्टी नीट बसलेली नाही; मीटर हमीतच बदलून घ्यावे. भोके पाडणे, कडेने डिंकासारखे काही लिंपणे, हे उपाय श्वासच कोंडतात. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा तबकडीवर धरण्याची हौस तर सोडूनच द्यावी. आणि पडदा उन्हात काळाठिक्कर दिसू लागला, तर डोळ्यांवरचा गॉगल काढून पाहावा. काही गॉगलांच्या काचा ध्रुवीकृत असतात, आणि त्या अशा पडद्याचा प्रकाश अडवतात.

दिव्यांविषयी थोडे. चावी फिरवताच सारे दिवे क्षणभर लागतात ती त्यांची हजेरी असते. जो हजेरीला उठत नाही, तो संकटातही उठणार नाही. एबीएसचा दिवा गाडी थोडी चालेपर्यंत पुष्कळ गाड्यांत विझतच नाही, त्यात बिघाड नाही. चालत्या गाडीत तो लागून राहिला, तर नेहमीचा ब्रेक लागतो, पण निसरड्या रस्त्यावर चाक जखडण्यापासून मिळणारे संरक्षण गेलेले असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे प्रदूषणनियम लागू झाले, आणि इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा बहुतेक तबकड्यांवर आला. तो लागून राहिल्यास गाडी हळू चालवत कार्यशाळेकडे न्यावी. वंगणाच्या दाबाचा तांबडा दिवा ज्या गाडीत असतो, त्या गाडीत तो लागला तर सावकाश नव्हे, ताबडतोब बाजूला थांबून इंजिन बंद करावे. येथे साक्षीदाराची उलटतपासणी करीत बसण्यास वेळ नसतो. गिअर मोकळा असल्याचा हिरवा दिवा मात्र एकट्याच्या भरवशावर घेऊ नये. क्लच दाबूनच गाडी सुरू करावी.

सारी तबकडी एकाएकी काळवंडली, तर फ्यूज पाहावा, आणि त्याच क्षमतेचा नवा घालावा. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागवणारे महाभाग अजून आहेत. तारा जळाल्यावर त्यांना काटकसरीची किंमत कळते. नव्या गाडीत असा फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर गाडी घेताना हौसेने बसवलेला भोंगा, जादा दिवा किंवा भ्रमणध्वनीचा चार्जर यांची तार मूळ तारांना कापून जोडली आहे काय, ते आधी तपासावे. हमीच्या पुष्कळ वादांचे मूळ याच जोडात सापडते.

दोष दाखवावयास कार्यशाळेत जावे, तर तो नेमका तेव्हाच लपून बसतो. म्हणून दोष दिसेल त्याच वेळी तारीख, किलोमीटर, हवा कोरडी की पावसाळी, आणि गाडी उभी होती की धावत होती, एवढे टिपून ठेवावे. गाडी थांबवून भ्रमणध्वनीवर चित्रण केल्यास अधिक बरे. तक्रार तोंडी सांगून परतू नये. "मीटर तपासणे" असा मोघम शेरा न घेता "चाळीस किलोमीटर वेगाच्या खाली काटा डुलतो" असे स्पष्ट शब्द जॉब कार्डावर लिहवून त्याची प्रत घ्यावी. हमीची मुदत संपल्यानंतर तोच दोष पुन्हा उपटला, तर तो मुदतीत सांगितला होता याचा पुरावा त्या कागदाखेरीज दुसरा नसतो.

मीटर बदलून मिळाले, तर एक गोष्ट तेथल्या तेथे करून घ्यावी. नवे मीटर बहुधा शून्यापासून मोजू लागते. तीन हजार किलोमीटर चाललेली गाडी कागदोपत्री पुन्हा कोरी दिसू लागते, तेल बदलण्याचा हिशेब चुकतो, आणि पुढे गाडी विकताना प्रामाणिक मालकावरही आकडे फिरवल्याचा संशय येतो. म्हणून जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, बदलल्याची तारीख आणि कार्यशाळेचा शिक्का सेवा-पुस्तिकेत घेतल्यावाचून गाडी तेथून हलवू नये.