अंगणातील वाट आणि पावसाचे पाणी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी साठले, तर ते बरोबर एक लिटर भरते. आता फाटकापासून घरापर्यंत १० मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी काँक्रीटची गाडीवाट आहे असे समजा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिच्यावर ३,००० लिटर पाणी पडेल. म्हणजे १५ लिटरच्या २०० बादल्या! साध्या काँक्रीटमधून पाणी जवळजवळ मुरत नाही. ते उताराकडे धावते आणि जाताना शेजारची मातीही नेते.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (या तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे) या डोंगराळ भागात असा दिवस नवलाचा नाही. वेल्ह्याच्या घाटमाथ्याकडे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही इथल्या काही वाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट होते. याचे एक मोठे कारण जमिनीच्या घडणीत आहे. उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली बेसाल्टचा घट्ट खडक. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अशा ठिकाणी पाणी मुरू देणारी प्रत्येक जागा मोलाची. म्हणून अंगणातील वाट कशाची करावी, हा केवळ शोभेचा प्रश्न नाही.

सिमेंटची आणखी एक बाजू पाहा. ते करताना चुनखडी भाजावी लागते. शुद्ध चुनखडीच्या १०० ग्रॅमपासून ५६ ग्रॅम चुना मिळतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. उलट दगड आणि मुरूम निसर्गाने तयारच ठेवले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा काळा दगड झाला आणि ऊनपावसाने तो झिजून त्याचा मुरूम झाला.

चुन्या-सिमेंटाशिवाय दगड टिकतील का?

भातखाचरांच्या दगडी ताली पाहा. त्यांत चुना नाही, सिमेंट नाही. जादा पाणी फटींतून निघून जाते, माती मात्र अडते. तिथे काम करते ते दगडांचे वजन आणि त्यांच्यातील घर्षण.

एक प्रयोग करा. पुठ्ठ्यावर काचेच्या गोट्यांचा ढीग करून पाहा, मग फोडलेल्या खडीचा करा. गोट्या पसरतात, खडीचा ढीग उभा राहतो. कोनदार तुकडे एकमेकांत अडकतात, गुळगुळीत गोळे घसरतात. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच तत्त्वावर फोडलेल्या खडीचे रस्ते बांधले. फरक एवढाच, की त्याला रस्त्याखाली पाणी जाऊ द्यायचे नव्हते, आपल्याला ते मुरवायचे आहे. दिवसातून दोनचारदा गाडी जाणाऱ्या अंगणात हे चालते.

आता भाराचे गणित. १,२०० किलोग्रॅमच्या मोटारीच्या एका चाकावर सुमारे ३०० किलोग्रॅम भार येतो. चाक सुमारे १५० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम. चाकाखाली ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चापट दगड नीट टेकून बसवला, तर भार ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरून तो आकडा ०.३३ वर येतो. त्याखाली १५ सेंटिमीटर खडी असेल, तर भार दर दोन सेंटिमीटर खोलीला प्रत्येक बाजूस एक सेंटिमीटर पसरतो असे धरू. तळाशी क्षेत्रफळ ४५ गुणिले ४५, म्हणजे २,०२५ चौरस सेंटिमीटर होईल आणि दाब फक्त ०.१५ उरेल. उभ्या माणसाच्या तळव्यांखालीही साधारण ०.२ असतो!

वाट कशी करावी?

बैलगाडीची चाकोरी आठवा. चाके ठरावीक दोन पट्ट्यांवरूनच जातात. मग सगळी रुंदी कशाला झाकायची? चाकांखाली ६० सेंटिमीटरचे दोन पट्टे करा, मध्ये गवत राहू द्या. तीन मीटरपैकी १.२ मीटरच दगडाखाली जाईल.

पट्ट्यांच्या जागी सुमारे २५ सेंटिमीटर खणा. तळाशी एकाच आकाराच्या खडीचा १५ सेंटिमीटर थर द्या. अशा खडीत सुमारे ४० टक्के जागा पोकळ असते. म्हणजे त्या थरात ६० मिलिमीटर पावसाचे पाणी मावते आणि सावकाश मुरते. वर बारीक खडी अंथरून दगड बसवा. सांध्यांतही बारीक खडीच भरा, माती नको. कडेला मोठे दगड रोवा, नाहीतर खडी बाजूला सरकेल. काळी माती असेल तर सावध राहा. ती भिजून फुगते, सुकून भेगाळते. ती काढावी आणि जादा पाण्याला चर द्यावा.

नुसत्या पायवाटेला मुरूम पुरे. तो किंचित ओला करून धुमसाने चोपावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये. कोरड्या मुरमाचे कण नीट बसत नाहीत. फार ओल्यात कणांमधली जागा पाणी अडवते आणि पाणी दाबले जात नाही. चोपलेल्या मुरमात पाणी हळू मुरते, म्हणून मध्यभाग थोडा उंच ठेवून ते कडेच्या गवतात सोडा. तीव्र उतारावर मुरूम वाहून जातो. तिथे राजगडाच्या पाली दरवाजाच्या वाटेप्रमाणे पायऱ्याच हव्यात.

मात्र गडावरचा एकही दगड हलवू नका. राजगड २०२५ पासून जागतिक वारसा आहे. नदीतले गोटेही नदीलाच असू द्या. मुरूम आणि दगड ही गौण खनिजे असल्याने त्यांच्या उत्खननासाठी महसूल खात्याची परवानगी लागते.

शेवटी, शिक्षकांच्या मदतीने एक मोजमाप करा. दोन्ही बाजूंनी उघडा असा पत्र्याचा डबा जमिनीत पाच सेंटिमीटर रोवा, त्यात एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते नोंदवा. गवत, तुडवलेले मैदान आणि मुरमाची वाट अशा तीन जागी हे करा. मग शाळेच्या आवाराचे क्षेत्रफळ मोजा आणि १०० मिलिमीटर पावसातले किती लिटर पाणी फाटकाबाहेर जाते, याचा अंदाज काढा. तो आकडा फळ्यावर लिहा. वाट कशाची करावी, याची चर्चा त्यानंतर वर्गात आपोआप सुरू होईल.