मद्यांतील फुलांचा गंध

पेयाला फळाचा वास येतो म्हणजे त्यांत फळ घातलेलें असतेंच असें नाहीं. परदेशांत घरगुती बीअर करणारे हौशी लोक हॉप नांवाच्या वेलीचीं शंकूच्या आकाराचीं फुलें वापरतात. त्यांपैकीं सिट्रा या अमेरिकन वाणाला लिंबाचा, आणि जाणकारांच्या मतें पिकल्या आंब्याचाहि वास येतो. हॉपच्या फुलांत कडू राळ असते आणि सुगंधी तेलहि असतें. राळेचा कडूपणा उतरावयास सुमारें तासभर उकळी लागते. तेल मात्र त्याच उकळींत वाफेबरोबर उडून जातें. म्हणून कडूपणासाठीं फुलें आरंभीं घालतात, आणि गंधासाठीं तीं आंच बंद करतांना किंवा आंबण्याची क्रिया ओसरल्यावर घालतात. उकळत्या भांड्याभोंवतीं घर सुवासानें भरून जातें खरें, पण तो सुवास पेल्यांतून वजा झालेला असतो!

हॉपला थंड हवा व उन्हाळ्यांतील लांब दिवस लागतात. भारतांत त्याची लागवड झाली ती हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या खोऱ्यांत. चंद्रपूर जिल्ह्यांतील माजरी हें कोळशाच्या खाणींचें गांव. तेथील उन्हांत ही वेल कशी तग धरणार? परंतु तेथून पूर्वेस गडचिरोलीकडे जी रानें पसरलेलीं आहेत, त्यांत मोहाचें झाड आहे. मार्च-एप्रिलांत त्याचीं मांसल, फिकट पिवळीं फुलें पहांटे टपटप गळतात, आणि ऊन चढण्यापूर्वीं बायका-मुलें तीं टोपल्यांत वेंचतात. ताज्या फुलांतील एक गंधद्रव्य सुवासिक तांदुळांतहि असतें. ज्या घरांत आंबेमोहोर शिजतो, त्या घराला हा वास अगदींच परका नाहीं.

हॉप गंध देतो, साखर देत नाहीं. बीअरची साखर जवाच्या मोडांतून घ्यावी लागते. मोहांत दोन्ही एकत्र आहेत. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा सुमारें निम्मा किंवा त्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. तीं फुलें कांहीं दिवस पाण्यांत भिजत ठेवलीं कीं आंबतात. मग तें आंबवण तापवून वाफ थंड केली जाते. बीअर करणारा जी वाफ गमावतो, तीच येथें धरून ठेवावयाची असते. तरीहि ताज्या फुलाची नाजूक झांक पेल्यांत उतरत नाहीं. वाळवण आणि आंबवण यांनीं तिची जागा उग्र दर्पानें घेतलेली असते.

गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं लागू झाली व २०२१ सालीं उठविली गेली. गडचिरोलीच्या बंदीमागें लोकांची चळवळ होती, आणि तींत स्त्रियांनीं जोरानें भाग घेतला. फुलें वेंचणाऱ्याहि बहुतांशीं स्त्रियाच; तेव्हां टोपली बाजारांत जावी, हांडींत पडावी कीं भट्टीवर चढावी, हा वाद घरांतलाच होतो. हांडीचा पक्ष दुबळा नाहीं. भाजलेलीं फुलें कुटून त्यांचे लाडू करतात, भाकरीच्या पिठांतहि तीं मिसळतात. मात्र त्यासाठीं तीं आधीं कडक उन्हांत नीट वाळलीं पाहिजेत. ओल राहिली, तर पावसाळ्यांत तीं कणगींतच आंबूं लागतात.