ट्रॅक्टर शेतांत चालवून पाहावा

बैल घेतांना आपण दांत पाहतों, चाल पाहतों, जमल्यास औतासही जुंपतों. मग सातबाऱ्यावर बोजा चढवून घ्यावयाचा ट्रॅक्टर दुकानांत उभा पाहूनच कां घ्यावा? ‘नोंदणी नाहीं, बाहेर काढतां येत नाहीं,’ ही विक्रेत्याची सबब आम्हांस मान्य नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये व्यापार-प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्यास भावी ग्राहकाच्या चाचणीसाठीं वाहन चालवितां येतें. मात्र सडकेवरील फेरी पुरेशी नव्हे. आपल्याच काळ्या रानांत, आपल्याच नांगरासह तासभर तरी चालवावा. मागील चाकें किती घसरतात, नांगर उचलतांना पुढील चाकें हलकीं होतात काय, हें पाहावें. टाकी आधीं काठोकाठ भरावी. काम संपल्यावर पुन्हां भरतांना जितकें लागेल तितकें डिझेल जळलें. तें ग्राहकानें भरून द्यावें, हें आम्हांस न्याय्य वाटतें.