शिंद्यांच्या तोफांपासून बनलेलं पदक: 'ग्वाल्हेर स्टार' काय आहे आणि घेताना काय तपासायचं?

पदक म्हटलं की सोनं-चांदी आठवते. पण कोलकात्याच्या टाकसाळीत बनलेल्या एका पदकाचा धातू थेट शिंद्यांच्या तोफखान्यातून आला होता. जुनी पदकं जमवणारे त्याला 'ग्वाल्हेर स्टार' म्हणतात.

तोफा टाकसाळीत कशा पोहोचल्या?

१८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. दत्तक आलेले जयाजीराव लहान होते आणि दरबारात सत्तेची ओढाताण सुरू झाली. ही संधी साधून गव्हर्नर जनरल एलेनबरोने ग्वाल्हेरवर फौज पाठवली. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार इथे लढाया झाल्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, पण दोन्हीकडे कंपनीचा विजय झाला. हाती लागलेल्या तोफांच्या ब्रॉन्झपासून, म्हणजे तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूपासून, ही पदकं बनवून कंपनीच्या सैनिकांना दिली गेली. त्यात हिंदी शिपाईही होते.

पदक कसं दिसतं?

सहा टोकांचा ब्रॉन्झचा तारा आणि मधोमध चांदीचा छोटा तारा. त्यावर लढाईचं नाव आणि तारीख. म्हणजे पदकाचे दोन प्रकार आहेत: महाराजपूर आणि पनियार. मूळ पदकाला मागे आकडा असायचा. पुढे अनेकांनी रिबिनीसाठी कडी जोडून घेतली, त्यामुळे कडी दिसली म्हणून पदक नकली ठरत नाही.

घेताना काय तपासायचं?

मागच्या बाजूला सैनिकाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. पदकाची खरी किंमत या नावात आहे, म्हणून फसवणूकही इथेच होते. जुनं नाव घासून दुसरं कोरलं असेल तर तिथला धातू पातळ किंवा खोलगट लागतो. नाव त्या पलटणीच्या जुन्या याद्यांशी ताडून पाहावं. आणि पदक चकचकीत करू नये. ब्रॉन्झवर चढलेला काळपट थर हा त्याच्या वयाचा पुरावा असतो.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू विकायचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे ऑनलाइन जाहिरात पाहून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडे परवाना आणि पावती मागा.