उशिरा उठतो म्हणजे आळशीच का?

"अम्मी, दोन वाजल्याशिवाय मला झोपच येत नाही," असे आमचा एकवीस वर्षांचा भाचा कळकळीने सांगत होता. त्याच्या मनगटावरचे घड्याळ मात्र झोपेची वेळ साडेबारा दाखवत होते. ते पाहून आपाने त्याला सरळ खोटारडा ठरवले आणि निवाड्यासाठी दोघे आमच्याकडे वळले.

आमच्या मते खोटे कोणीच बोलत नव्हते. असे घड्याळ मुख्यतः हाताची हालचाल मोजते. जागा असूनही निपचित पडून राहिलेला मुलगा त्याच्या लेखी झोपलेलाच असतो.

शिवाय घड्याळ आपण काय केले ते सांगते, शरीराला काय हवे होते ते नाही. सात वाजताच्या कॉलेजसाठी रोज धडपडत उठणारा मुलगा त्यात पहाटेचा पक्षी दिसेल. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ साली तयार केलेली १९ प्रश्नांची प्रश्नावली उलट विचारते : दिवस सर्वस्वी तुमच्या हातात असता तर किती वाजता उठला असता? गुण १६ ते ८६. जास्त गुण म्हणजे सकाळचा माणूस. पण इथे मन उत्तर देते, आणि मनाला सुट्टीचीच आठवण जास्त राहते.

म्युनिकचे टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिसरी वाट काढली. सुट्टीच्या दिवशी झोपेचा मध्य कुठे येतो ते पाहायचे. रात्री दोन ते सकाळी दहा झोपला, तर मध्य सहाला. पण तोच मुलगा बाकीचे सहा दिवस एक ते साडेसहा झोपत असेल, तर रविवारच्या झोपेत आठवड्याची थकबाकीही असते. ती वजा केली की मध्य पाचच्या आसपास येतो.

हा हिशेब सुट्टीला गजराशिवाय उठणाऱ्यांसाठीच आहे. फजरला गजर लावून उठायचे आणि नमाजनंतर पुन्हा लवंडायचे, अशा घरांत तो तसाच लागू पडत नाही. रमजानमध्ये तर सहेरीमुळे सगळेच वेळापत्रक बदलते; तेव्हा मोजमाप नकोच.

रोनेनबर्ग यांच्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. झोप उशिरा सरकण्याची ओढ विशीच्या आसपास सर्वाधिक असते, मुलांत मुलींपेक्षा थोडी उशिरापर्यंत, आणि मग हळूहळू ओसरते. भाचा नेमका त्या टोकावर आहे. (आपाही त्या वयात नाश्त्याच्या वेळी पेंगत असायची, हे आम्ही तेव्हा बोललो नाही.)

त्याला आम्ही एक वही दिली. अंथरुणावर कधी पडला, झोप कधी लागली असे वाटले, गजर होता का, एवढेच सकाळी लिहायचे. घड्याळाचा आकडा नंतर शेजारी. दोन आठवड्यांनी दिसले ते असे : घड्याळाची झोप वहीतल्या झोपेपेक्षा बहुतेक रात्री तासभर आधी सुरू होत होती, पण उठण्याची वेळ दोन्हीकडे जवळपास सारखी होती. वही आपाने दोनदा वाचली. आता ती त्याला खोटारडा म्हणत नाही. दहानंतर मोबाईल मात्र स्वतःच्या उशाशी ठेवून घेते.