जुन्या संगणकावर खर्च कुठवर?

जुना संगणक सुधारून घ्यावा की बदलावा, हे ठरवताना त्याच्या वयापेक्षा दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. काम नेमके कुठे अडते, आणि आज घातलेला भाग उद्या नव्या संगणकात चालेल का? अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावी सेवा केंद्र, कृषी केंद्र किंवा झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात एकच संगणक दहा-दहा वर्षे राबतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवल्यापासून अशा संगणकांच्या मालकांना हा निर्णय लांबणीवर टाकणे अवघड झाले आहे.

सुरुवात दुखण्याच्या निदानापासून करावी. संगणक सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, फाइल उघडताना चक्र फिरत राहते, ही तक्रार बहुतेक वेळा हार्ड डिस्कची असते. टास्क मॅनेजर उघडल्यावर डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ दिसला, तर दोष तिथेच आहे. फिरत्या चकतीवरची माहिती शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्याही लहानशा अंशात होते. त्यामुळे २०१३-१४ च्या संगणकातही साधी साटा एसएसडी बसवली की फरक लगेच जाणवतो. शिवाय हीच एसएसडी पुढे नव्या संगणकात लावता येते. जुन्या संगणकावर करण्याजोगा पहिला खर्च हाच. पुष्कळदा तेवढाच पुरतो.

रॅमचे गणित थोडे वेगळे आहे. ४ जीबीवर ब्राउझरच्या चार खिडक्या आणि टॅली एकदम चालवणे जड जाते; ८ जीबी असली की कार्यालयीन काम सुखाने होते. मात्र विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीच्या वर घातलेली रॅम तिला वापरताच येत नाही. दुसरी अडचण पिढीची. डीडीआर-३ रॅमची खाच आणि विद्युतदाब डीडीआर-४ पेक्षा निराळे असल्याने एकीची रॅम दुसरीच्या जागेत बसत नाही. म्हणून डीडीआर-३ बोर्डासाठी नवी रॅम घेणे म्हणजे त्या बोर्डाबरोबरच संपणारा खर्च. ती जुनी, तपासलेली आणि स्वस्त मिळाली तरच घ्यावी.

प्रोसेसर बदलायचा विचार निघाला, की हात आखडता घ्यावा. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरांची बैठक दिसायला सारखीच. तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाही. म्हणजे प्रोसेसरपाठोपाठ बोर्ड, बोर्डामागून रॅम, आणि कधीकधी पॉवर सप्लायही बदलावा लागतो. इतके बदलल्यावर जुने म्हणून फक्त कॅबिनेट उरते.

वऱ्हाडात खर्चाआधी आणखी एक तपासणी हवी. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. प्रोसेसर ठरावीक तापमानापलीकडे गेला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यात पंख्याच्या जाळीत धूळ बसलेली असली, तर सकाळी बरा चालणारा संगणक दुपारी रडायला लागतो. ब्लोअरने सफाई आणि थर्मल पेस्ट यांवर हे दुखणे पुष्कळदा बरे होते. वेळीअवेळी बंद पडणारा संगणक असेल, तर पॉवर सप्लाय आणि घरातली लाइन आधी तपासून घ्यावी. तारीख-वेळ दररोज मागे जात असेल, तर बोर्डावरचा बटणसेल संपलेला असतो. तो अगदी स्वस्तात मिळतो.

एवढे करूनही एक भिंत राहतेच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पिढी नावावरून ओळखता येते: आय३-४१६० चौथीचा, आय५-८४०० आठवीचा. अटी चुकवून विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या आहेत. पण तशा संगणकाला पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ज्या संगणकावर लोकांचे आधार, सातबारा आणि बँक पासबुक रोज उघडते, तो असुरक्षित ठेवण्यात काटकसर नाही. अशा केंद्राने चौथ्या पिढीच्या यंत्रावर आणखी पैसे न घालता ते बदलावे. नुसते टंकलेखन, वाचन किंवा मुलांचा सराव असेल, तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स घालून तोच संगणक आणखी काही वर्षे चालवता येतो. टॅली आणि बरीचशी बायोमेट्रिक यंत्रे मात्र विंडोजच मागतात, हे आधी पाहून घ्यावे.

डीटीपीवाल्यांची अडचण न्यारीच. पॅरलल पोर्टात डोंगल लावून चालणारे जुने मराठी सॉफ्टवेअर आणि त्या फॉन्टांतल्या लग्नपत्रिकांच्या फाइली नव्या संगणकावर नेता येतीलच असे नाही. आता बहुतेक बोर्डांवर हे पोर्ट नसते, आणि यूएसबीच्या अडॅप्टरवर प्रिंटर चालला तरी डोंगल सहसा चालत नाही. अशा ठिकाणी दोन्ही संगणक ठेवणे हाच शहाणपणा: जुना इंटरनेटपासून तोडून फक्त जुन्या फाइलींसाठी, नवा युनिकोडमधल्या नव्या कामासाठी.

बदलायचेच ठरले, तर नवाच घ्यावा असेही नाही. कंपन्यांनी काढलेले आठव्या-नवव्या पिढीचे वापरलेले डेस्कटॉप बाजारात मिळतात. टीपीएम चालू आहे का हे दुकानातच पाहावे आणि बिल घ्यावे. जुने यंत्र भंगारवाल्याला देण्यापेक्षा अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. झटपट फॉरमॅट केल्याने फाइली खरोखर पुसल्या जात नाहीत, म्हणून हार्ड डिस्क काढून घेतल्याशिवाय कॅबिनेट कुणाच्याही हवाली करू नये.