भूगर्भातील भंग कसे ओळखतात

आमच्या सुप्यात विहीर खणणाऱ्याला विचारावे, तो सांगेल की वर मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. हे त्याला खणल्यावर कळते. पण मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाच्या हजार मीटरांहून अधिक खाली जे चुनखडीचे थर आहेत, त्यांचे काय? मुंबई हायचे हे तेल १९७४ साली सापडले आणि १९७६ पासून निघू लागले. त्या क्षेत्राच्या पूर्व अंगाला थर तुटलेले आहेत. थर तुटून एक बाजू खाली घसरते, त्याला प्रस्तरभंग म्हणतात. तेल कुठे अडले आणि कुठून निसटले, हे बरेचसे या भंगांवर ठरते.

न खणता ते कळते प्रतिध्वनीने. जहाजावरून दाबलेली हवा एकदम पाण्यात सोडतात. तिचा आवाज थराथरावरून परततो, तो मागे ओढलेल्या लांब दोरांतील यंत्रे टिपतात. पूर्वी अशा नोंदींच्या दोन ओळींत मोठे अंतर असे, मधले सारे अंदाजाने भरावे लागे. ओळी जवळजवळ घेतल्या की नोंदींचा एक ठोकळाच तयार होतो. बर्फीसारखा तो उभा, आडवा, सपाट, हवा तसा कापून संगणकाच्या पडद्यावर पाहता येतो.

उभ्या कापात थरांच्या रेषा चालत येतात, एका जागी तुटतात आणि पुढे खालच्या पातळीवर सुरू होतात. तिथे खूण करायची. काही काप सोडून पुन्हा खूण करायची, आणि सपाट कापात तीच तूट रेषेसारखी दिसते का, हे ताडून पाहायचे. सगळ्या खुणा जोडल्या की भंगाची भिंत उभी राहते.

१९९५ साली बाहोरिच आणि फार्मर यांनी शेजारच्या नोंदी एकमेकींशी किती जुळतात, हे मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. जिथे त्या जुळत नाहीत, तिथे काळी रेघ उमटते. काम फार वेगाने होऊ लागले. पण यंत्र न जुळणारी जागा दाखवते, भंग नव्हे. पुरलेला जुना नदीमार्ग, वायूने भरलेला खडक, खुद्द जहाजाच्या फेऱ्यांचे पट्टे, यांनीही तशीच रेघ उमटते. उलट, बारीक भंग सुटतो. खडकात ध्वनीचा वेग सेकंदाला ३००० मीटर आणि कंपने ३० धरली, तर एक लाट १०० मीटरांची होते. तिच्या पावभागाहून, म्हणजे २५ मीटरांहून, कमी घसरण स्पष्ट दिसणे कठीण.

आम्ही कामगारांत वावरणारे, म्हणून आमचे लक्ष इथे जाते. भंगलेल्या चुनखडीत वेधन करताना भोकातला चिखल चिरांत पळतो, त्याचा दाब उतरतो, आणि जवळपास वायू असला तर तो वर उसळतो. त्या वेळी भोकापाशी कामगार उभा असतो, पडद्यापाशी बसलेला तज्ज्ञ नव्हे. म्हणून नकाशावर रेघ काढली तर तिची खात्री किती, हेही तिथेच लिहावे आणि ते पाळीवरच्या माणसांना समजावून सांगावे, असे आमचे मत आहे.

मग सुप्याखाली असे चित्र का काढत नाहीत? आपल्या बसाल्टात ध्वनी विखुरतो, खालचे चित्र अंधूक येते. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झाला. तिथला खडक तपासण्यासाठी अखेर गोठणे येथे ३ किलोमीटर खोल वेध घ्यावा लागला. तो २०१७ साली पुरा झाला, आणि सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट ओलांडल्यावर त्यात ग्रॅनाइट लागला.